दहापैकी तीन

मी आयुष्यात कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत. पूर्वी हे मी फुशारकीने सांगत असे, आता जरा खालच्या आवाजात सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी सगळी नोकरी गेली, आणि त्यातली बरीचशी सेनगावच्या बाजूच्या एका तांड्यावर. चार वर्ग, दोन खोल्या आणि एक मी. गणित मीच, मराठी मीच, आणि चित्रकलाही मीच. मला स्वतःला चित्र काढता येत नाही. मी फळ्यावर काढलेला आंबा पोरांना वांगं वाटायचा. पण मार्क द्यायला चित्र काढता यावं लागत नाही. लाल पेन लागतो, आणि तो माझ्या खिशाला कायम असे.

माझ्या हिशेबाने दहा मार्क देवाचे, नऊ माझे, आणि आठापासून खाली पोरांनी आपापसात काय ते बघावं. बायको म्हणायची, हे लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढायला उभे राहिले तर वऱ्हाड उपाशी परत जाईल. मला हे कौतुकच वाटायचं.

तर अशा माझ्या फोनवर मागच्या हिवाळ्यात एक निमंत्रण आलं. त्याच तांड्यावरची एक मुलगी, चौथीपर्यंत माझ्याकडे होती. पुढे शिकत शिकत चित्रकलेच्या कॉलेजात गेली आणि आता चित्रकार झाली आहे, एवढं कानावर होतं. तिच्या चित्रांचं प्रदर्शन हिंगोलीत, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, तीन दिवस. खाली लिहिलं होतं, "गुरुजी, तुम्ही आणि काकू नक्की या."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या पाठोपाठ मी फोन पालथा घालून ठेवला. कारण चौथीत या मुलीला मी चित्रकलेत दहापैकी तीन दिले होते. अख्ख्या वर्गात सगळ्यात कमी. ज्या पोराने आंब्याच्या झाडाला भेंड्या लावल्या होत्या त्यालासुद्धा मी पाच दिले होते.

ते तीन का दिले, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगायची लाज वाटते, म्हणून आधी प्रदर्शनाचं सांगून घेतो.

जाऊ की नको करता करता शेवटचा दिवस उजाडला. बायकोने साडी नेसली, टिकलीचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "तुम्ही येत असाल तर या, नाहीतर मी बसने जाते." मी गेलो. जाताना सगळ्या वाटेने मनात एकच चाललं होतं, की ती विसरली असेल. लहान लेकरांना काय आठवतं?

हॉलमध्ये चित्रकार बाई नव्हत्याच. दाराशी टेबल टाकून एक गृहस्थ बसले होते, पुढ्यात वही. मी त्यांना आयोजक समजून नमस्कार केला.

"मी मंडपवाला," ते म्हणाले. "हे पडदे, हे पार्टिशन, ह्या खुर्च्या, समदं आपलं हाय. ताई तांड्यावर गेल्यात, याडीला आणायला. मला म्हणल्या, भाऊ, दोन घंटे बसा. बसून राहिलो."

याडी म्हणजे आई. तांड्यावर इतकी वर्षं काढल्यावर तेवढी भाषा मला येते. चित्रांची भाषा मात्र येत नव्हती, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. पण मी मास्तर. येत नाही असं कबूल करणं आमच्या नोकरीत बसत नाही. पोराने अवघड प्रश्न विचारला की "उद्या वाचून या" म्हणायचं, हा आमचा शिरस्ता. इथे कुणी विचारत नव्हतं, तरी मी बायकोला समजावून सांगायला सुरुवात केली.

पहिल्याच चित्रावर कापड, आरसे, कवड्या आणि रंग असं सगळं एकत्र चिकटवलेलं होतं. बाजूच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "माध्यम: मिश्र".

"हे बघ," मी म्हणालो, "पोरगी पुढे मिश्र माध्यमाच्या शाळेत गेली वाटतं. अर्धं मराठी, अर्धं उर्दू. कळमनुरीकडे असतील अशा शाळा."

"ते चित्राच्या चिठ्ठीवर कशाला लिहिलं?"

"बायोडाटा आहे तो."

दुसऱ्या चित्राच्या चिठ्ठीवर "विनाशीर्षक" असं होतं. हे पाहून मात्र मी खवळलो. निबंधाला शीर्षक नाही दिलं की माझा एक मार्क सरळ कापलेला असे, आणि इथे बाई छापून सांगत होत्या की आम्ही दिलंच नाही. तिसरं चित्र नुसतं पिवळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं. मी बराच वेळ त्यात काहीतरी शोधत उभा राहिलो, तेव्हा मंडपवाले मागून आले.

"ते अजून व्हायचं हाय," ते म्हणाले. "नुसता एक हात मारलाय. मी ताईला म्हणलं बी, पुरं तर करा. त्या हासल्या. काल वसमतचे दोघं आले व्हते, ते म्हणले ही हळद हाय. घेऊन बी गेले असते, पर आधीच टिकली लागली व्हती."

टिकलीचं प्रकरण असं होतं की बऱ्याच चित्रांच्या चिठ्ठ्यांवर कोपऱ्यात एकेक लाल गोल चिकटवलेला होता. मंडपवाल्यांनी समजावलं, "लाल टिकली लागली म्हंजी बुक. माझ्या खुर्च्यांवानी. एका लग्नाला लागल्या की दुसऱ्याला न्हाई." हे मात्र मला बराबर समजलं. दुर्दैवाने तेव्हा बायको जवळ नव्हती. ती पुढे गेली होती.

मग आली छापलेली चित्रं. काळ्या शाईची, जाड रेघांची, काच लावून फ्रेम केलेली. शेळ्या, बाभळी, पाण्याचा टँकर, डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया. मला ती मनापासून आवडली, कारण त्यातलं सगळं ओळखू येत होतं. प्रत्येकाच्या खाली उजवीकडे तिची सही होती. डावीकडे बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, बाभळीखाली पाच, तिरकी रेघ, दहा. टँकरखाली दोन, तिरकी रेघ, दहा. घागरींखाली सात, तिरकी रेघ, दहा.

माझा ऊर भरून आला. मार्क! पोरीने स्वतःच्या चित्रांना स्वतः मार्क दिले होते, आणि कसे दिले होते! सातच्या वर एक नाही! टँकरला तर दोन! एवढा सुंदर टँकर, वरून पाणी सांडून राहिलंय, मागे लेकरं पळून राहिलीत, आणि दोन! ही माझीच विद्यार्थिनी, मी मंडपवाल्यांना म्हणालो. दुसऱ्या कुणाचं वळण असं असूच शकत नाही.

"कडक हायेत ताई," त्यांनीही मान डोलावली.

एका चित्राखाली मात्र मार्क नव्हते. इंग्रजीत ए लिहून तिरकी रेघ मारून पी लिहिलं होतं. पत्त्यात आपण लिहितो तसं, अ‍ॅट पोस्ट. पण पुढे गावच नाही! "बघा," मी म्हणालो, "घाईत पत्ता अर्धवट राहिला. मुक्काम पोस्ट कुठे?" मंडपवाल्यांनी कान पकडला. "मी तीन दिवस बघून राहिलो, माझ्या ध्यानात न्हाई आलं." मी त्यांना तांड्याचं नाव, तालुका, जिल्हा असा सगळा पत्ता सांगितला. त्यांनी लगेच बाजूच्या चिठ्ठीवर तो ठळक अक्षरात लिहून टाकला. एक काम मार्गी लागलं म्हणून मी खुशीत पुढच्या चित्राकडे वळलो आणि जागीच थिजलो.

चित्रात माझी शाळा होती. तीच दोन खोल्यांची, तोच मोडका नळ. छपरावर एक शेळी उभी होती, शाळेपेक्षा जरा मोठीच. दाराशी खुर्ची होती. खुर्चीवर एक माणूस मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपला होता, आणि उघड्या तोंडावर एक माशी घिरट्या घालत होती.

खाली डावीकडे पेन्सिलीने लिहिलं होतं, तीन, तिरकी रेघ, दहा.

ती विसरली नव्हती. इतक्या वर्षांनी तेच चित्र काढून, त्याला काच लावून, खाली माझेच मार्क लिहून तिने ते साऱ्या हिंगोलीसमोर टांगलं होतं, आणि वर निमंत्रणात लिहिलं होतं, गुरुजी, नक्की या. मी बायकोला काही न सांगता बाहेर गेलो आणि जिन्यातल्या माठातलं तीन ग्लास पाणी प्यायलो.

परत येतो तर माझी बायको त्याच चित्रासमोर उभी, चेहऱ्यावर एखादं पुण्यकर्म केल्याचं समाधान. शेळीच्या कपाळावर, काचेवर, बरोब्बर मधोमध एक लाल टिकली.

"अगं, हे काय?"

"बाकी सगळ्यांना लावल्यात," ती म्हणाली. "कागदावर लावल्यात, ते काही मला पटलं नाही, टिकली कपाळावर लावतात. आणि या एकटीचंच कपाळ भुंडं ठेवलंय. सणासुदीला बरं दिसतं का? माझ्याजवळ पाकीट होतंच."

तोवर मंडपवाल्यांनी वहीत लिहूनही घेतलं होतं. गुरुजी, एक नग.

मी म्हणालो, टिकली काढ. बायको म्हणाली, लावलेलं कुंकू मी पुसणार नाही, शेळीचं असलं तरी. मी मंडपवाल्यांना म्हणालो, तुम्ही काढा. ते दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी ताईंना फोन लावला. पलीकडून ती एवढ्या मोठ्याने हसली की फोन कानाला न लावता मला ऐकू आलं. "गुरुजींना नेऊ द्या," ती म्हणाली, "आजच नेऊ द्या." त्या हसण्याचा अर्थ लावत मी पैसे दिले. किंमत इथे लिहीत नाही. बायको अजून म्हणते, तेवढ्यात दोन कूलर आले असते. मी म्हणतो, टिकली कुणी लावली?

चित्र घरी आलं आणि बैठकीच्या खोलीत, माझ्या जेवायच्या जागेसमोर लागलं. घास तोंडाशी नेला की समोर तीन. वरण वाढून घेतलं की समोर तीन. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, "तुम्ही त्या चित्राकडे असं काय बघता? आणि त्यातला माणूस मला पहिल्यापासून ओळखीचा वाटतोय. असं तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस मी रोज दुपारी बघते."

मग मात्र मी सांगून टाकलं. चौथीची परीक्षा, विषय होता "माझी शाळा". खिचडी वाटून झाली होती, पोरं चित्रं काढत होती, दुपार होती, आणि मी जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर ही मुलगी चित्राचा कागद घेऊन उभी होती. चित्रात शाळा होती, शेळी होती आणि मी होतो. तोंड उघडं, माशीसकट. दुसऱ्या कुणी बघायच्या आत मी कागद ओढून घेतला आणि तांबड्या शाईने तीन लिहिले. तिने विचारलं, "गुरुजी, तीन काहून?" मी म्हणालो, "शेळी छपरावर असते का कधी?" ती म्हणाली, "असती की. आता बी हाय." मी बाहेर जाऊन बघितलं. छपरावर शेळी होती. तिच्याच आईची. तरी मी तीनच ठेवले.

बायको म्हणाली, "झोपला होतात ना पण?"

"होतो."

"मग चित्र बरोबर होतं."

"होतं."

"मग बसलात काय?"

त्या संध्याकाळी मी फ्रेमच्या मागचे खिळे काढले, काच बाजूला केली, खिशाचा लाल पेन काढला आणि तीनवर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं, दहा. दहापैकी दहा. नोकरीत जे कधी केलं नाही ते निवृत्तीनंतर करत होतो. मार्कांत खाडाखोड केली तर तिथे सही आणि तारीख हवी, हा नियम मी जन्मभर पाळला आहे, म्हणून सही केली, तारीख टाकली. मग राहवेना, म्हणून शेराही लिहिला: "निरीक्षण उत्तम." खिळे परत ठोकले. टिकली जागच्या जागी होती. रात्री मला गाढ झोप लागली, बहुतेक तोंड उघडं टाकूनच.

पुढच्या रविवारी ती आली. सोबत तिची याडी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगावर जाड शाल. ही बाई मला शाळेच्या काळापासून माहीत. शेळ्या राखायची आणि शाळेच्या भिंतीला टेकून बसायची. मुलगी म्हणाली, "गुरुजी, चित्राचं सर्टिफिकेट द्यायचं राहिलं होतं. हे चित्र खरंच मी काढलंय, असं लिहून द्यावं लागतं."

"म्हणजे टी.सी.," मी म्हणालो. "शाळा सोडून चाललं की दाखला."

"तसंच," ती म्हणाली आणि तिची नजर भिंतीकडे गेली.

आधी ती चित्राच्या अगदी जवळ गेली. मग मागे आली. मग पुन्हा जवळ गेली. मी हात मागे बांधून उभा होतो, निकाल वाचून दाखवताना उभा राहायचो तसा. म्हटलं, आता पोरीच्या डोळ्यांत पाणी येणार. ती खाली बसली. खांदे हलायला लागले. खरंच रडतेय असं वाटून मी पुढे झालो, तर ती हसत होती. पोट धरून, जमिनीवर बसून, हसत होती.

"गुरुजी," ती कशीबशी म्हणाली, "ते मार्क नाहीत."

मग तिने समजावलं, आणि खरं सांगतो, चौथीच्या वर्गाला समजवावं तसंच समजावलं. लाकडाची फळी कोरायची, शाई लावायची, कागद दाबायचा, की चित्र छापलं जातं. अशा तिने ठरवून दहाच प्रती काढल्या. याला एडिशन म्हणतात. ही त्यातली तिसरी, म्हणून तीन, रेघ, दहा. दहा झाल्यावर फळीवर फुली मारून ती कायमची बाद करायची, म्हणजे अकरावी कुणी छापणार नाही.

"म्हणजे हजेरीपटावरचा नंबर," मी म्हणालो.

"हां. आणि तुम्ही तिसऱ्याचा दहावा केला. दहावा नंबर मागच्याच महिन्यात एका डॉक्टरांनी नेला. आता दहा नंबरची दोन पोरं झाली आणि तीन नंबर गैरहजर."

"आणि टँकरला दोन?"

"दुसरी प्रत, गुरुजी."

"मग ए, रेघ, पी?"

तिने तोंडावर हात ठेवला. "ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. आर्टिस्ट प्रूफ. तुम्ही भाऊंना पत्ता लिहायला सांगितला ना? संध्याकाळी एका बाईंनी ते चित्र घेतलं. त्यांना वाटलं, मुक्काम पोस्ट तांडा, तालुका सेनगाव हेच चित्राचं नाव. म्हणाल्या, नावात फार खोल अर्थ आहे."

मिश्र माध्यमाचं मी विचारलंच नाही. बायको मात्र विचारायला निघाली होती, तिला मी डोळ्यांनी दटावलं.

"आता याचं काय?" मी चित्राकडे बोट दाखवलं. "बाद झालं का?"

"उलट," ती म्हणाली. "चित्र कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेलं त्याची नोंद ठेवतात, प्रॉव्हेनन्स म्हणतात त्याला."

"सातबाऱ्याचा फेरफार."

"बराबर. त्या नोंदीत तुम्ही सहीनिशी आलात. असं दुसरं नाही."

हे सगळं चाललं असताना तिची याडी चित्राखाली उभी राहून वर बघत होती. तिला वाचता येत नाही, पण तांबडी शाई तिला दिसली होती.

"गुरुजी, हे लाल काय लिवलं?"

"बाई," मी जरा छाती काढून म्हणालो, "तुमच्या पोरीला दहापैकी दहा दिले. सगळे."

"आन तीन?"

"खोडले."

तिचा चेहराच उतरला. "आमचे तीन काहून खोडले, गुरुजी? तुमीच दिले व्हते. आमी मागितले नव्हते." आणि ती शाल सावरत खुर्चीत जाऊन बसली, रागावून, तोंड फिरवून.

मला काही उमजेना. बायकोने प्रसंग ओळखला आणि तिला चहाच्या निमित्ताने आत नेलं. तेव्हा मुलगी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, त्या दिवशी मी चित्र घेऊन घरी गेले तर याडीने विचारलं, हे लाल काय? मी म्हणाले, गुरुजींनी तीन दिले. तिने विचारलं, बाकीच्यांना किती? मी म्हणाले, तीन साऱ्या वर्गात मला एकटीलाच. खोटं नव्हतं ते."

"नव्हतं."

"तिला वाटलं, एकटीलाच मिळालं म्हणजे मोठं असणार. तिने तांड्यावर घरोघर गूळ वाटला. ते चित्र अजून भिंतीवर आहे, पत्र्याच्या चौकटीत. पाहुणा आला की आधी ते दाखवते. मागच्या वर्षी एकाला ते विकत हवं होतं, तिने त्याला चहासुद्धा दिला नाही. तिला अजून माहीत नाही, गुरुजी. ते दहा तेवढे खोडा ना."

मला रडू आलं. मी पेन शोधतोय असं दाखवलं. मग पुन्हा खिळे काढले, पुन्हा काच काढली, माझ्या आयुष्यातल्या पहिल्यावहिल्या दहावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, तीन. सही. तारीख. एका ओळीत तीन, दहा, तीन, आणि दोन सह्या. माझ्या हाताखालच्या कुणी असली गुणपत्रिका केली असती तर मी त्याला नोटीस काढली असती.

याडी चहा घेऊन बाहेर आली. "झाले का तीन?"

"झाले, बाई."

तिने जवळ जाऊन बोटाने तो आकडा शोधला, पहिला आणि शेवटचा, दोन्ही सारखे दिसतात की नाही ते पाहिलं, आणि मान हलवली. मग शेळीच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघून माझ्या बायकोला म्हणाली, "हे लई चांगलं केलं."

निघताना मुलगी रिक्षा बघायला कोपऱ्यापर्यंत गेली. मी आणि याडी ओट्यावर उभे होतो. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "गुरुजी, मला ठाव हाय."

"काय?"

"तीन म्हंजी किती ते. जलमभर शेळ्या मोजून राहिले मी. दहा शेळ्या रानात गेल्या आन तीनच माघारी आल्या, तर मानूस गूळ वाटतो का रडतो, येवढं कळतं मला."

"मग त्या दिवशी गूळ?"

"पोरगी कागद पोटाशी धरून येऊन राहिली व्हती. डोळे पुसून आली व्हती, पर पुसल्यालं बी दिसतं की. घरात येऊन रडली असती तर फिरून हातात पेन्सिल धरली नसती तिनं. म्हणून म्हणलं, ती रडायच्या आत आपुन गूळ वाटू." ती माझ्याकडे वळली. "तिला सांगू नका. तिला वाटतं, तिनं मला फशिवलं."

ती रडली होती. इतकी वर्षं जे मला जाणून घ्यायचं नव्हतं ते असं दारात उभ्या उभ्या कळलं, आणि ज्या बाईने ते निस्तरलं तिला मी शाळेच्या भिंतीपासून कितीदा हाकललं होतं ते आठवलं. शेळ्यांचा वास येतो म्हणून. मला माझी भयंकर लाज वाटली. आत खोडलेले दहा अजून माझ्याजवळ शिल्लक होते.

"बाई," मी म्हणालो, "तुम्हाला दहापैकी दहा."

ती खुदकन हसली, अगदी पोरीसारखी. रिक्षा समोर येऊन थांबली होती. पायरी उतरता उतरता म्हणाली, "मंग आता गूळ तुमी वाटा."

घरात गूळ नव्हता. बायकोने साखरेचा डबा काढून दिला आणि मी भरदुपारी आमच्या गल्लीत शेजारी घरोघर साखर वाटत निघालो. कशाची म्हणून लोक विचारत होते, मी म्हणत होतो, निकाल लागला. तिसऱ्या घरापाशी होतो तेव्हा बायको ओट्यावरून ओरडली, "अहो, चिमूट चिमूट काय देताय, मूठ मूठ द्या!"

दिली.